स्टेडियमचा कर आणखी ४० वर्षं? जॅक्सन काउंटीतल्या (मिझुरी) मतदानाबद्दल सल्ला हवा

मिझुरीकर | १७ मार्च २०२४

मंडळी, २ एप्रिलला आमच्याकडे मतदान आहे आणि अमेरिकेतलं हे माझं पहिलंच मत. नागरिकत्वाची शपथ गेल्या ऑक्टोबरात घेतली. वाटलं होतं पहिलं मत राष्ट्राध्यक्षासाठी पडेल, पण नशिबात आलं बेसबॉलचं मैदान.

ज्यांना कॅन्सस सिटीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आय-७० वरून शहराच्या पूर्वेला निघालं की हायवेच्या कडेला दोन प्रचंड स्टेडियम शेजारी शेजारी दिसतात. एक ॲरोहेड, तिथे चीफ्स अमेरिकन फुटबॉल खेळतात. दुसरं कॉफमन, तिथे रॉयल्स बेसबॉल. दोन्ही १९७२-७३ मधली आणि दोन्ही जॅक्सन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) मालकीची. संघ भाडेकरू. या संकुलाला ट्रुमनचं नाव आहे. (अवांतर: राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी हॅरी ट्रुमन याच काउंटीचा कारभार बघायचे, हुद्दा 'जज' पण काम रस्ते बांधायचं. तेही लोकांकडे रोख्यांसाठी मत मागायला जायचे!)

२००६ साली काउंटीने मतदान घेऊन विक्रीकरात तीन-अष्टमांश टक्का वाढवला. त्या पैशांतून दोन्ही स्टेडियमांची मोठी डागडुजी झाली, कॉफमनची साधारण २५ कोटी डॉलरची आणि ॲरोहेडची साधारण साडेसदतीस कोटींची, त्यात संघांचाही वाटा होता. हा कर २०३१ ला संपणार. संघांचे भाडेकरारही तेव्हाच संपतात.

आता मतपत्रिकेवरचा 'प्रश्न क्रमांक १'. नमुना मतपत्रिका छापून फ्रिजवर चिकटवली आहे. अख्खा प्रश्न एका वाक्यात, मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागतो. पहिल्या अर्ध्यात म्हणतात, चालू तीन-अष्टमांश टक्के कर रद्द करायचा का? दुसऱ्या अर्ध्यात, तेवढाच नवा कर ४० वर्षांसाठी लावायचा का? दोन्हींना मिळून एकच हो किंवा नाही. बायकोने चहा ढवळता ढवळता वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे जुना उंदीर मारायचा आणि लगेच नवा पाळायचा." यापेक्षा सोपं मलाही सांगता येणार नाही.

'हो' झालं तर रॉयल्स कॉफमन सोडून शहराच्या मध्यात, क्रॉसरोड्स भागात नवं स्टेडियम बांधणार. चीफ्स ॲरोहेडमध्येच राहून ८० कोटी डॉलरचं नूतनीकरण करणार.

घरी रोज गुळगुळीत कागदावरची पत्रकं येत आहेत. सगळ्यांवर ठळक अक्षरांत 'कर वाढणार नाही'. खोटं नाहीच ते. दर तोच राहणार. पण जी गोष्ट २०३१ ला संपणार होती ती २०६४ पर्यंत चालणार, याला वाढ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मी आज ४१ चा आहे, तेव्हा ८१ चा असेन. मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो माझ्या आजच्या वयापेक्षा म्हातारा झालेला असेल.

रक्कम मोठी नाही हे मान्य. १०० डॉलरच्या खरेदीला साडेसदतीस सेंट. आमच्या घरात कर लागणारी खरेदी वर्षाला ३० हजार धरली तर ११२ डॉलर आणि वर काही सेंट. मिझुरीत राज्य सरकार किराण्यावर कमी दराने कर घेतं, पण शहर आणि काउंटीचा कर पूर्ण लागतो. म्हणजे दूध, तांदूळ, कांदे घेतानाही प्रत्येक वेळी स्टेडियमसाठी चिमूटभर बाजूला पडतंय.

आणि मी चीफ्सचा कट्टर आहे हो. गेल्या महिन्यात सुपर बोल (फुटबॉलची अंतिम लढत) जिंकलो तेव्हा ओव्हरटाइममध्ये सोफ्यावरून उडी मारून टीपॉय मोडला. म्हणूनच विचारतोय. तुमच्या गावी असं मतदान झालं असेल तर पुढे काय झालं ते सांगा. तत्त्वज्ञान नको, काय घडलं ते हवंय.

---

ओपीवाला | १७ मार्च २०२४

राव, ३७ सेंटांसाठी एवढा निबंध? दोन संघ असलेली या आकाराची किती शहरं आहेत? एकदा संघ गेला की गेला. सेंट लुईसवाल्यांना विचार, त्यांचे रॅम्स २०१६ ला लॉस एंजेलिसला गेले, आता रविवारी काय बघतात ते. डोळे मिटून 'हो' कर.

---

मिझुरीकर | १७ मार्च २०२४

@ओपीवाला, तू ओव्हरलँड पार्कला राहतोस. स्टेट लाइनच्या पलीकडे, कॅन्ससमध्ये, जॉन्सन काउंटीत. तुला मत नाही आणि कॉस्कोचं मोठं दुकान तुझ्याच बाजूला असल्यामुळे तू आमचा करही भरत नाहीस. आपल्या मंडळातले निम्म्याहून जास्त लोक तिकडचे, आणि गणपतीच्या मीटिंगपासून आजपर्यंत 'हो कर' म्हणून मला धरणारे सगळे तिकडचेच! २००४ मध्ये दोन्ही राज्यांच्या काउंट्यांनी मिळून स्टेडियम आणि कलांसाठी कर लावायचा प्रस्ताव होता. तुझ्या काउंटीने तो पाडला, जॅक्सनने मंजूर केला. त्यानंतरच २००६ ला आम्ही एकट्यांनी ओझं उचललं.

---

ओपीवाला | १७ मार्च २०२४

पार्किंगचे पैसे देतो ना. बिअरवरचा कर देतो. शिवाय २००४ ला मी इथे नव्हतो.

---

ओहायोकाठची | १९ मार्च २०२४

तुम्ही काय घडलं ते विचारलंत म्हणून लिहिते. मी सिनसिनाटीत १९९४ पासून आहे, म्हणजे हॅमिल्टन काउंटीत. आमचं मतदान मार्च १९९६ मध्ये झालं. तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे मी फक्त बघत होते.

आधीच्या नोव्हेंबरात क्लीव्हलंडच्या ब्राउन्स या फुटबॉल संघाने बाल्टिमोरला जायचं जाहीर केलं होतं. त्याने अख्खं राज्य हादरलं होतं, आणि आमचे बेंगल्सही जाऊ शकतात अशी कुजबुज पद्धतशीर चालू होती. प्रस्ताव होता विक्रीकरात अर्धा टक्का वाढीचा. त्यातून एक नाही, दोन स्टेडियम, फुटबॉलच्या बेंगल्सना एक आणि बेसबॉलच्या रेड्सना एक. आणि वर गूळ म्हणून, या कराच्या उत्पन्नाचा ३० टक्के वाटा घरमालकांची घरपट्टी कमी करायला. आमच्या गल्लीत बेसबॉल-फुटबॉलशी देणंघेणं नसलेल्या आज्यांनीही त्या गुळासाठी 'हो' केलं. ६१ टक्क्यांनी पास झालं.

फुटबॉलचं स्टेडियम २००० ला उघडलं, बेसबॉलचं २००३ ला. दोन्ही सुंदर आहेत, नदीकाठी संध्याकाळी दिवे लागले की बघत राहावं. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण विक्रीकराचं उत्पन्न जेवढं वाढेल असं कागदावर धरलं होतं तेवढं वाढलं नाही, आणि कर्जाचे हप्ते मात्र ठरल्याप्रमाणे वाढत गेले. खड्डा पडल्यावर पहिला घाव घरपट्टीच्या सवलतीवर. पुढे काउंटीने आपलं ड्रेक हॉस्पिटलही विकून टाकलं.

खरी गंमत भाडेकरारात होती. स्टेडियमची निगा आणि सुधारणा काउंटीच्या डोक्यावर, आणि सुधारणांच्या यादीत असंही लिहिलेलं की इतर स्टेडियमांत होलोग्राम वापरून रिप्ले दाखवायची यंत्रणा आली तर ती आम्ही पुरवायची. होलोग्राम! १९९७ च्या करारात! घरमालकाने भाडेकरूला लिहून द्यावं की उद्या उडत्या गाड्या निघाल्या तर तुला एक घेऊन देईन, तसं.

तेव्हा कर किती याच्यात अडकू नका. भाडेकरार बघायला मागा. तुमच्याकडे मतदानाआधी तो सही झालाय का?

---

कॉबचा_अण्णा | १९ मार्च २०२४

तुम्हाला निदान विचारलं तरी. आमच्या कॉब काउंटीत (अटलांटाच्या उत्तरेला) २०१३ साली नोव्हेंबरात बातमी आली की अटलांटाचा बेसबॉल संघ ब्रेव्ज इकडे येणार, आणि त्याच महिन्यात पाच जणांच्या कमिशनने ४-१ ने मंजूर करून टाकलं. सार्वजनिक वाटा ३० कोटी डॉलर. लोकमत वगैरे काही नाही. स्टेडियम २०१७ ला उघडलं. कमिशनचे अध्यक्ष मात्र २०१६ ला स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराकडून हरले. लोकांनी मत दिलं, फक्त तीन वर्षं उशिरा.

बाकी स्टेडियमच्या आजूबाजूला रेस्टॉरंटं, दुकानं जोरात आहेत. पण तिथे खर्च होणारा पैसा नवा आहे की कॉबमध्येच दुसरीकडे खर्च झाला असता तो, यावर इथे दोन मराठी माणसं कधीच एकमत होत नाहीत.

---

मिल्वॉकीकर | २० मार्च २०२४

दुसरी बाजू. आमच्या ब्रुअर्स या बेसबॉल संघासाठी ०.१ टक्का कर १९९६ ला पाच काउंट्यांत सुरू झाला, मैदान उघडलं, आणि २०२० च्या मार्चअखेर कर बंदही झाला. म्हणजे संपतो म्हटलेला कर संपू शकतो, चोवीस वर्षं लागतात इतकंच. तो कर राज्याच्या सिनेटमध्ये मंजूर होताना रसीनच्या सिनेटरने ऐन वेळी मत फिरवलं आणि त्यापायी लोकांनी त्याला परत बोलावून खुर्चीवरून उतरवलं. रसीन काउंटीला ब्रुअर्सपेक्षा दशांश टक्का महत्त्वाचा वाटला.

---

मिझुरीकर | २४ मार्च २०२४

सर्वांचे आभार. ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने माझी झोप उडवली. मी शनिवारी बसून शोधलं. अंतिम भाडेकरार नाही. मतदान नऊ दिवसांवर आणि करार 'चर्चेत' आहे. क्रॉसरोड्समधली जागा तर फेब्रुवारीच्या मध्याला जाहीर झाली. म्हणजे विचारायला जेमतेम सात आठवडे, आणि बांधिलकी ४० वर्षांची.

काल मुलाला घेऊन ती जागा बघून आलो. वर्तमानपत्राच्या छापखान्याची जुनी काचेची इमारत आहे, तिच्याभोवती छोटी छोटी दुकानं, गॅलऱ्या, कॉफीची ठिकाणं. काहींच्या काचेवर हाताने लिहिलेल्या 'नाही'च्या पाट्या. मुलाने विचारलं, "बाबा, आत्ताचं स्टेडियम मोडलंय का?" रॉयल्सचं म्हणणं आहे की कॉफमनच्या काँक्रीटला कॅन्सर झालाय, म्हणजे आतल्या आत रासायनिक प्रक्रियेने तडे जातात. असेलही. पण त्याच वयाचं ॲरोहेड शेजारी उभं आहे आणि चीफ्सना ते दुरुस्त करून चालणार आहे. नऊ वर्षांच्या पोराला हे कसं समजावू? मी आईस्क्रीम घेऊन दिलं. (क्रॉसरोड्समध्येच. कर भरून.)

यात मला सगळ्यात चटका लावणारा माणूस म्हणजे फ्रँक व्हाइट. आमचे काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचे प्रमुख. याच गावात वाढले, तरुणपणी कॉफमन बांधलं जात असताना तिथे बांधकामावर काम केलं, मग अठरा वर्षं त्याच मैदानात रॉयल्सकडून सेकंड बेसवर खेळले. आठ गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) आणि १९८५ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलचं अजिंक्यपद). स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा आहे. आणि हाच माणूस या कराच्या विरोधात उभा आहे. जानेवारीत त्यांनी प्रश्न मतपत्रिकेवर टाकायच्या ठरावावर नकाराधिकार वापरला, काउंटीच्या विधिमंडळाने तो मोडून काढला. त्यांच्या बाकीच्या कारभारावर लोक भडकलेले आहेत, २०२३ च्या घरपट्टीसाठीच्या घरांच्या फेरमूल्यांकनावरून तर फारच, आणि ते वेगळं प्रकरण. पण ज्याने त्या जागी विटा उचलल्या तोच 'हिशेब दाखवा' म्हणत असेल तर मी कान टवकारणार.

---

ओपीवाला | २४ मार्च २०२४

खेळाडू होता म्हणून अर्थशास्त्र कळतं असं नाही. आपल्याकडे किती क्रिकेटपटू खासदार झाले ते आठव.

---

मिझुरीकर | ३ एप्रिल २०२४

मत दिलं. 'नाही'.

केंद्र चर्चच्या हॉलमध्ये होतं. माझ्यापुढे चीफ्सची लाल जर्सी घातलेला, पाठीवर १५ नंबर असलेला एक धिप्पाड गृहस्थ. मला वाटलं याचं मत सांगायलाच नको. बाहेर पडताना दार धरून उभा राहिला आणि आपणहून म्हणाला, संघ माझा, पण बिल मालकाचं. सुपर बोल जिंकून दोन महिनेही झाले नव्हते हो!

कागदी मतपत्रिका, काळ्या पेनाने गोल भरायचा. भरताना हात थोडा थांबला हे कबूल करतो. मला चीफ्स जायला नको आहेत. पण करार न बघता ४० वर्षांचा गोल भरणं जमलं नाही. निकाल तुम्ही वाचला असेल, साधारण ५८ टक्के 'नाही', ४२ टक्के 'हो'.

बायको म्हणाली, "चल, टीपॉय तरी नवा घेऊ."

---

ओहायोकाठची | ३ एप्रिल २०२४

पहिल्या मताबद्दल अभिनंदन. आता धमक्या सुरू होतील, तयारीत राहा.

---

मिझुरीकर | २८ डिसेंबर २०२५

जुना धागा वर काढतोय. ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं.

जून २०२४ मध्येच कॅन्ससच्या विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून स्टेडियमच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंत भाग स्टार रोख्यांतून उभारायची मुभा दिली. म्हणजे ठरवलेल्या परिसरात जो जास्तीचा विक्रीकर गोळा होईल त्यातून कर्ज फेडायचं. मग जून २०२५ मध्ये मिझुरीनेही खास अधिवेशन घेऊन निम्म्यापर्यंत खर्च देऊ केला. फेरीवाल्याशी घासाघीस करतात तशी दोन राज्यं, फक्त इथे दोघंही गिऱ्हाईक आणि दोघंही भाव वाढवत होते. सप्टेंबरअखेर फ्रँक व्हाइटना लोकांनी रिकॉल करून घरी पाठवलं, मुख्यतः त्या फेरमूल्यांकनाच्या रागातून. आणि गेल्या सोमवारी, २२ डिसेंबरला, चीफ्सनी जाहीर केलं: २०३१ पासून कॅन्ससमध्ये, वायंडॉट काउंटीत, छप्पर असलेलं ३ अब्ज डॉलरचं नवं स्टेडियम. ६० टक्के पैसा सार्वजनिक.

दोन दिवस घरात सुतक होतं. मुलगा आता अकरावीत, म्हणजे अकराव्या वर्षात हो, इयत्तेत नाही. त्याने विचारलं, "बाबा, तू नाही म्हणालास म्हणून गेले का?" मी म्हणालो, एकट्या माझ्या मताने नाही. पण तो गोल माझ्या डोळ्यापुढे आला. पुन्हा तसंच मत देईन का? देईन. तरी दुखतं. दोन्ही खरं.

---

ओपीवाला | २८ डिसेंबर २०२५

अरे दुःख कसलं, संघ कुठे दूर चाललाय? नदी ओलांडली की झालं. रविवारी माझ्याकडे जेव आणि मॅचला जाऊ. मी तेव्हाच म्हणालो होतो. शेवटी आमच्या लोकांनी हिंमत दाखवली!

---

मिझुरीकर | २८ डिसेंबर २०२५

येतो की, जेवायला नक्की येतो. एकच विचारायचं होतं. तुमच्याकडे हे मंजूर केलं ते विधिमंडळातल्या मोजक्या नेत्यांच्या समितीने, एका बैठकीत. तुला मतपत्रिका कधी आली होती?

---

कॉबचा_अण्णा | २८ डिसेंबर २०२५

😄

---

ओपीवाला | २९ डिसेंबर २०२५

जेवायला सातला ये. येताना श्रीखंड आण. मिझुरीतूनच घे, तुमचा तो कर २०३१ पर्यंत चालूच आहे ना?